पांढरं बटण

शनिवारी सकाळी दादांनी बुटांच्या नाड्या तीनदा बांधल्या आणि तीनदा सोडल्या. त्यांची बायको दारात उभी राहून बघत होती. दोन वेळा तिने तोंड आवरलं, तिसऱ्या वेळी तिला राहवलं नाही.

"बूट तेच, पायही तेच. मग अडतंय कुठे?"

"कुठे काय? दहाला बैठक आहे."

"ते ठाऊक आहे मला. पोरीला सांगणार आहात का?"

"काय सांगायचंय त्यात?"

"बरं. म्हणजे नाही सांगणार," असं म्हणून ती आत गेली. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याशी वाद घालणं कधीच सोडलं होतं. आता ती नुसता निकाल वाचून दाखवायची.

पोर म्हणजे दादांची पुतणी, धाकट्या भावाची एकुलती एक. तात्यांनी, म्हणजे दादांच्या वडिलांनी, हातात थापी घेऊन सुरू केलेला बांधकामाचा धंदा पुढे न्यायला तिसऱ्या पिढीतलं हे एवढंच माणूस उरलं होतं. दादांचा स्वतःचा मुलगा दूर देशी निघून गेला होता आणि त्यावरून घरात व्हायचं ते सगळं होऊन गेलं होतं. पुतणी इंजिनिअर झाली, बाहेर न जाता घरच्या कामात आली, आणि गेल्या वर्षी तिने हट्ट धरून चोवीस घरांच्या नव्या इमारतीत घरटी एक पांढरी डबी बसवून घेतली. खोलीत माणूस नसला की डबी दिवा घालवायची, गारव्याचं यंत्र मंद करायची, पाणी गरजेपुरतंच तापवायची. सारखी मागे मागे फिरून दिवे बंद करते म्हणून दादांनी पहिल्याच दिवशी तिला नाव ठेवलं, भिंतीतली सासू. सगळे हसले होते. पुतणी तर सगळ्यांत जास्त हसली होती, आणि तेच आता दादांना सारखं आठवत होतं.

तात्यांचा एक नियम होता. भिंत आपण बांधली ना, मग तिच्यातली तक्रारही आपलीच. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक इमारतीच्या दारावर कचेरीचा फोन नंबर रंगवलेला असे, आणि तो फोन चाळीस वर्षं दादाच उचलत आले होते. नळ गळतोय, दार फुगलंय, वरच्यांचं पाणी खाली झिरपतंय. दादांची रीत ठरलेली होती: आधी माणसाचा त्रास थांबवायचा, कारण मागाहून शोधायचं. लोकांचा त्यांच्यावर जीव होता तो या रीतीमुळेच, आणि घोळ झाला तोही तिच्यामुळेच.

डब्यांच्या तक्रारी पहिल्याच महिन्यात सुरू झाल्या. वाचत बसलं की दिवा जातो. पाहुणे गप्पा मारत बसले की गारवा कमी होतो. पहिल्या तक्रारीला दादांनी डबीवाल्या कंपनीला कळवलं, तर त्यांचा माणूस बावीस दिवसांनी उगवला. दुसऱ्या तक्रारीला त्यांनी आपला जुना वायरमन पाठवला. तो डबीकडे चारी बाजूंनी बघून परत आला. "दादा, तिला स्क्रूच नाही. उघडू कुठून?" पण गडी हुशार. त्याने माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर एक बारीक ओळ शोधून काढली. डबी बसवताना तपासणीसाठी एक सोय ठेवलेली होती. पांढरं बटण लाल दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं, की डबी झोपी जाते आणि घर जुन्या घरासारखं चालू लागतं.

दादांना देवच पावला. त्यानंतर जो फोन येईल त्याला त्यांचं एकच उत्तर असे, "पांढरं बटण दाबून धरा, पुढचं मी बघतो." पुढचं बघायचं राहून गेलं. एकाला सांगितलं, दोघांना सांगितलं, बघता बघता चोवीसांतली एकोणीस घरं झोपली. पुतणीला सांगायचं आधी विसरले, मग उद्या सांगू म्हणाले, आणि मग सांगण्याची वेळच टळून गेली. आणि खरं बोलायचं तर, सासू झोपली याचं त्यांना थोडं बरंही वाटलं होतं.

कचेरीत अक्का आधीच येऊन बसल्या होत्या. तिघा भावंडांत थोरल्या, वय बहात्तर, आणि धंद्यात तिघांचा वाटा सारखा असला तरी शेवटचा शब्द त्यांचाच. टेबलावर नव्वद घरांच्या पुढच्या इमारतीचे नकाशे पसरले होते. ते गुंडाळले जाऊ नयेत म्हणून पुतणीने चार कोपऱ्यांवर फरशीचे चार नमुने ठेवले होते. भाऊ, म्हणजे तिचे वडील, खिडकीपाशी उभे राहून कुणाला तरी सिमेंटच्या गाडीबद्दल झापत होते.

"ठेव तो फोन," अक्का म्हणाल्या. "सोमवारी लोखंड बांधायला घेणार, मंगळवारी स्लॅबमधल्या नळ्या पडणार. डब्यांच्या तारा कुठून जायच्या ते आज ठरलं तर ठरलं. एकदा काँक्रीट पडलं की मग डोकं आपटून उपयोग नाही. बोल गं पोरी."

पुतणीने कागद पुढे सरकवला. तिचे डोळे सुजलेले होते, आवाज मात्र ठीक होता.

"सहा महिन्यांचे आकडे आलेत. आपली चोवीस घरांची डबीवाली इमारत, आणि शेजारची आपलीच चोवीस घरांची साधी. घरं तेवढीच, माणसं जवळजवळ तेवढीच. डबीवाल्या इमारतीत वीज दोन टक्के जास्त लागली."

"जास्त?" भाऊंनी विचारलं.

"जास्त. डबी स्वतःसुद्धा थोडी खाते ना."

"म्हणजे वीज वाचवायला बसवलेलीच वीज खाते," भाऊ म्हणाले. "त्यापेक्षा आपले साधे दिवेच बरे होते." ते हसले, मग पोरीचं तोंड पाहून त्यांनी हसू आवरलं. "हे बघ, मी पहिल्यापासून काय सांगतोय? डबी बसवायची आपण, वीज वाचणार राहणाऱ्याची. घर बघायला येणारा विचारतो स्वयंपाकघर केवढं, गाडी कुठे लावायची. भिंतीत डोकं बसवलंय का, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही."

"लिफ्ट आहे का, असंही आधी कुणी विचारत नव्हतं," अक्का म्हणाल्या. "आठवतं का रे दादा? तात्या लिफ्टच्या नावाने बोटं मोडायचे. ज्याला चढवत नाही त्याने खालचं घर घ्यावं म्हणायचे. तेव्हा लिफ्ट हवीच म्हणून तीन दिवस घरी कोण जेवलं नव्हतं?"

दादांनी नकाशाचा कोपरा सरळ केला. "तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो."

"वय नव्हतं विचारलं मी."

"लिफ्टचं निराळं," भाऊ म्हणाले. "लिफ्ट दिसते. माणूस तिच्यात बसून वर जातो. ही बया दिसत नाही, आणि दिसते तेव्हा दिवा घालवते. शिवाय बिघडली तर दुरुस्त कोण करणार? दादा, तूच सांग. फोन तुझ्याकडे येतात."

सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. पुतणीनेही पाहिलं. तिच्या नजरेत रागबिग काही नव्हता, नुसता प्रश्न होता.  गेले दोन दिवस त्यांनी या क्षणासाठी वाक्य घोटून ठेवलं होतं.

"जे मला उघडून दुरुस्त करता येत नाही," ते म्हणाले, "ते मी कुणाच्या भिंतीत घालणार नाही."

वाक्य खरं होतं. गेली चाळीस वर्षं ते याच वाक्यावर जगले होते. तरीही ते बोलून झाल्यावर आपण चोरी केल्यासारखं त्यांना वाटलं.

"काकांचं बरोबर आहे," पुतणी म्हणाली. "मी दोन आठवडे हेच तपासतेय. कंपनी म्हणते डब्या चालू आहेत. माझ्या पडद्यावर चोवीसच्या चोवीस हिरव्या दिसतात. तरी वाचत काही नाही. म्हणजे माझाच हिशेब चुकला. मला वाटलं होतं तेवढं मला यातलं कळत नाही." तिने कागद परत ओढून घेतला. "नव्वद घरांतून डब्या काढून टाका. मी मागे घेते."

भाऊंना जिंकायचं होतं, पण असं नव्हे. "अगं, मागे घेते काय? वाद तरी घाल थोडा."

"आणखी एक सांगायचंय. मला बाहेरून बोलावणं आलंय. मोठ्या कंपनीत, मोठ्या शहरात. सोमवारी उत्तर द्यायचंय." ती वडिलांकडे न बघता बोलत होती. "हो म्हणावं असं वाटतंय. इथे सहा महिने मी सगळ्यांना तोंडघशी पाडलं. तिकडे निदान शिकेन तरी."

 भाऊ खुर्ची ओढून बसले आणि फरशीचा एक नमुना उचलून उलटा करून बघू लागले. मोकळा झालेला कोपरा हळूहळू गुंडाळत आला. अक्का म्हणाल्या, "चहा घेऊ आधी. रिकाम्या पोटी घर मोडू नये."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. दादा सुटल्यासारखे उठले.

"मी अकरा नंबरमधून बोलते," पलीकडून एक वयस्क आवाज आला. "निवृत्त शिक्षिका. हे बघा, मी कधी तक्रार करत नाही हो."

"करा की. फोन त्यासाठीच आहे."

"रोज सकाळी मी शब्दकोडं सोडवते. आमच्या त्या खोलीत उजेड बेताचा, म्हणून दिवा लावते. तर तो मेला आपोआप जातो! मग मी बसल्या जागी हात हलवते, की येतो. शेजारीण खिडकीतून बघते आणि तिला वाटतं मी माशा हाकलतेय. सहा महिने हाकलल्या मी माशा. आज म्हटलं आता पुरे."

दादा हसले. बाईंचा त्रास त्यांना डोळ्यांपुढे दिसला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने जीभ आपोआप चालू लागली. "एक काम करा. त्या डबीवर खालच्या बाजूला एक पांढरं..."

दार उघडं होतं. आत पुतणी टेबलावरचे नकाशे गोळा करत होती. एकेक नकाशा नीट गुंडाळून ती रबर लावत होती, घर सोडून जाणारा माणूस भांडी बांधतो तसं. दादांच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

"पांढरं काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. बाई, दिवा किती वेळाने जातो हो?"

हा प्रश्न त्यांनी एकोणिसांतल्या एकालाही विचारला नव्हता.

"बरोबर दहा मिनिटांनी. घड्याळ लावून बघितलं मी. शिक्षिका होते ना."

"मी तुम्हाला पुन्हा फोन करतो. आजच करतो."

फोन ठेवून दादा तसेच उभे राहिले. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. चहा प्यायचा, मान डोलवायची, आणि मंगळवारी काँक्रीट पडलं की हा विषय कायमचा भिंतीत गाडला जाणार होता. बोट कुणी दाखवणार नव्हतं. बायको दाखवेल, पण तीही एकदाच. आणि पोर निघून जाईल, जन्मभर आपल्याला यातलं कळत नाही असं समजून. हे शेवटचं मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. तिला लहानपणी हाताला धरून, कच्च्या जिन्यावरून, त्यांनीच पहिली इमारत दाखवली होती.

त्यांनी खणातली तक्रारवही काढली आणि आत जाऊन टेबलावर ठेवली.

"तुझा हिशेब चुकलेला नाही," ते म्हणाले. "डब्या मी बंद केल्या."

"काय?" भाऊ म्हणाले.

"बंद म्हणजे, लोकांकडून करवल्या. पांढरं बटण दाबून धरलं की ती झोपते. फोनवर सांगत गेलो. चोवीसांतली एकोणीस."

पुतणीने वही उघडली. दादांचं अक्षर मोठं आणि सुवाच्य होतं. तारीख, घर नंबर, तक्रार, आणि डबीच्या जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच तीन शब्द: पांढरं बटण सांगितलं. ती शेवटच्या नोंदीपासून मागे मागे पानं उलटत गेली. मग एका ओळीवर तिचा हात थांबला.

"हे तर पहिल्या महिन्यातलं आहे, काका."

"हो."

"आणि पडद्यावरचा हिरवा रंग नुसता डबीला वीज मिळतेय एवढंच दाखवतो." ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, मग एकदम तिचा आवाज चढला. "सहा महिने! आणि मी इथे दोन आठवडे स्वतःला मूर्ख समजतेय! रात्रंदिवस डोकं फोडून घेतलं मी. समोरच्या टेबलावर बसत होतात तुम्ही. मी विचारलंही होतं तुम्हाला, काका, तक्रारी येतात का म्हणून. तुम्ही म्हणालात, किरकोळ."

"म्हणालो," दादा म्हणाले.

"का?"

"बाई अंधारात बसलीय गं. तिला मी काय सांगू, बावीस दिवस थांबा म्हणून? मला ते उघडता येत नाही. आपल्या वायरमनला येत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर नव्हतं." ते थांबले. पुढचं बोलणं जड गेलं, पण आता निघालेच होते. "आणि मला भीती वाटली. ही डबी चालली तर लोक मला कशाला फोन करतील?"

भाऊ उठून उभे राहिले. "दादा, अरे पोर घर सोडून चालली होती! आणि तू तिथे बसून मला उघडता येत नाही म्हणून भाषण दिलंस?" दहा मिनिटांपूर्वी डबीच्या जिवावर उठलेला माणूस आता तिचा वकील झाला होता.

"तू गप्प बस," अक्का म्हणाल्या. "तुला डबी नकोच होती. पोरीला बोलू दे."

 पुतणी पुन्हा वही वाचू लागली होती, आता पहिल्या पानापासून, पेन्सिल घेऊन. राग तिच्या कानांवर लाल दिसत होता, पण पेन्सिल चालू होती.

"वाचताना दिवा गेला. वाचताना. कोडं. शिवणकाम. पुन्हा वाचताना. पाहुणे बसलेले." ती म्हणाली. "सगळ्या तक्रारी स्वस्थ बसलेल्या माणसांच्या आहेत. दहा मिनिटं हा वेळ ऑफिससाठी ठरवलेला असतो. तिथे माणूस सारखा उठतो-बसतो. घरात लोक बसतात हो, तासन्तास बसतात. कंपनीने तो तसाच ठेवला आणि मीही बघितलं नाही." तिने वर पाहिलं. "चाळीस मिनिटांवर न्यायचं, बस्स. घरी जाऊन पाच मिनिटांचं काम आहे. मला येतं, वायरमनकाकांना एका सकाळीत शिकवता येईल. ही वही मला पहिल्या महिन्यात मिळाली असती तर..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. दादांना वाटलं, केलं असतं तर बरं झालं असतं.

अक्कांनी चष्मा काढून पुसला. "तर मग असं. स्लॅब कुणासाठी थांबत नाही. नव्वद घरांत रिकाम्या नळ्या टाकून ठेवा. तारा-डब्यांचं नंतर बघू. या चोवीस घरांत तीन महिने खरोखरचे आकडे घ्या. वाचली वीज तर डब्या घालू, नाहीतर नळ्या राहू देत रिकाम्या. भाऊ, चालेल?"

"नळ्यांना ना नाही माझी," भाऊ म्हणाले. "पण डबी आपल्या माणसाला दुरुस्त करता आली पाहिजे. बावीस दिवसवाली नको."

"दादा?"

"चालेल."

"तुला विचारलं ते रीत म्हणून," अक्का म्हणाल्या. "आता त्या एकोणीस घरांना फोन कर. कुणी दुसऱ्याने नाही, तू."

पुतणी काय करणार, हे कुणी विचारलं नाही. विचारायचा धीर भाऊंनाही झाला नाही. दादा बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळाने ती वही घेऊन आली, पलीकडची खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. चाळीस वर्षं दादांनी हा फोन उचलला होता. आपणहून कुणाला त्रास द्यायला तो कधी फिरवला नव्हता.

"नमस्कार, इमारतीच्या कचेरीतून बोलतोय," ते म्हणाले. "नाही नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. आज तक्रार माझी आहे. तुम्हाला पांढरं बटण दाबायला मीच सांगितलं होतं. ते चुकीचं सांगितलं."

पहिल्या घराने हसून सोडून दिलं. दुसऱ्या घरातल्या गृहस्थाने चांगलंच सुनावलं आणि दादांनी ऐकून घेतलं. चौथ्या घराला कुठलं बटण तेच आठवेना. पुतणी प्रत्येक ओळीपुढे कोण कधी घरी असतं ते लिहून घेत होती. ती दादांशी बोलत नव्हती, पण एकदा त्यांचा आवाज बसला तेव्हा तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला. एकोणीस संपायला दुपार झाली.

"एक राहिला," दादा म्हणाले आणि त्यांनी अकरा नंबरला फोन लावला.

"केलात म्हणायचा," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "मी घड्याळ लावून बसले होते."

"संध्याकाळी माझी पुतणी येईल. वेळ वाढवून देईल. मग माशा हाकलायला नकोत."

"आणि पुन्हा बिघडलं तर? तुम्हालाच फोन करायचा ना?"

चाळीस वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर होतं. ते दादांच्या ओठांवर आलं आणि त्यांनी ते परत आत ढकललं.

"नाही," ते म्हणाले. "तिला करा. मला यातलं उघडता येत नाही, तिला येतं."

"पण ती असते ना तिथे? नाहीतर आज आहे, उद्या नाही, असं नको बाई."

दादांनी फोनवर तळहात ठेवला. पुतणीकडे बघायला त्यांना थोडा वेळ लागला.

"विचारतायत, तू इथे असतेस का," ते म्हणाले. "काय सांगू?"

पुतणीने वहीतली ओळ पुरी केली.  मग तिने पेन्सिल खाली ठेवली.

"राग गेलेला नाही माझा," ती म्हणाली.

"जाऊ देऊही नकोस."

"सांगा, असते म्हणून."

दादांनी हात काढला. "असते," ते म्हणाले. आणि पुढचं तिनेच बोलावं म्हणून त्यांनी फोन तिच्या हातात दिला.